शेपटाकडून वाचायचा बाण

बाण बहुतेक लोक टोकाकडून पाहतात, आणि ही सवय संग्रहालयांनीच लावली आहे. दगडी टोक हजारो वर्षं मातीत टिकतं, लोखंडी पातं गंजून का होईना पण ओळखू येतं. दांडी मात्र कुजते, पिसांना कसर लागते, रंग उडून जातो. त्यामुळे काचेच्या कपाटांत टोकांच्या रांगा दिसतात आणि उरलेला बाण कसा असेल ते पाहणाऱ्याने आपल्या मनाने भरून घ्यायचं असतं. या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाला माझी पहिली विनंती अशी, की बाण उलटा धरावा, दोरी अडकवायची खाच डोळ्यांसमोर यावी आणि वाचन शेपटाकडून सुरू करावं. तिथे पिसारा आहे, पिसाऱ्याच्या आतून आणि पुढे रंगाचे पट्टे आहेत. बाण करणाऱ्याने लाकडाविषयी, जनावराविषयी आणि स्वतःविषयी जे जे ठरवलं, त्यातलं बरंचसं त्या वीतभर जागेत उमटलेलं असतं.

विषयाची हद्द आधी आखून घेऊ. पुढच्या पानांत येणारा बाण लाकडी आहे, हाताने केलेला आहे आणि शिकारीसाठी आहे. त्याचा मुलूख मुख्यतः उत्तर अमेरिका, आणि काळ गेल्या दीडशे वर्षांचा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही, त्यामुळे मराठी वाचक इथे येतो तो शिकारी म्हणून येत नाही. तो येतो सुतारकामाचा, रंगकामाचा, मानवशास्त्राचा किंवा नेमबाजीचा जिज्ञासू म्हणून. माझ्या मते ही अडचण नाही, उलट सोयच आहे. अमेरिकेतलं या विषयावरचं बरंच लेखन शिकारीच्या गोष्टींत इतकं रमतं, की बाण हातातून सुटेपर्यंतचं सगळं दोन परिच्छेदांत आटोपतं.

‘पारंपरिक धनुष्यशिकार’ या नावातलं ‘पारंपरिक’ हे विशेषण त्या बाणापेक्षा खूपच धाकटं आहे. मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी कप्प्या लावलेल्या कंपाउंड धनुष्याच्या पेटंटसाठी १९६६ मध्ये अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते त्यांना मिळालं. त्याआधी साधं धनुष्य हे नुसतं धनुष्य होतं, त्याला वेगळ्या नावाची गरज नव्हती. कंपाउंड आपल्या वाचकांना अनोळखी नाही. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपदं पटकावली ती याच प्रकारात. त्या पातळीवर वापरले जाणारे कार्बनचे बाण कारखान्यातूनच एका मापाचे, एका वजनाचे, एका ताठपणाचे निघतात. लाकडी बाण करणाऱ्यालाही नेमकं तेच हवं असतं, एकसारखे डझनभर बाण. पण त्याच्या हातात असं द्रव्य असतं, ज्यात कुठल्याही दोन काड्या सारख्या नसतात. कारखाना जे साच्याने साधतो ते त्याला निवडीने साधावं लागतं. या विद्येचा सगळा अवघडपणा आणि सगळी गंमत इथेच आहे, आणि रंग हा त्या निवडीचा शेवटचा, डोळ्यांना दिसणारा टप्पा आहे.

आधुनिक अमेरिकी धनुष्यशिकारीची वंशावळ सांगताना सुरुवात सहसा मॉरिस थॉम्प्सन यांच्या १८७८ च्या ‘द विचरी ऑफ आर्चरी’ या पुस्तकापासून होते. त्या पुस्तकाने हौस पेटवली हे खरं. पण बाण कसा करावा, याची बारीक नोंद हवी असेल तर १९११ सालच्या कॅलिफोर्नियात जावं लागतं. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्याच्या आवारात भुकेने खंगलेला एक माणूस सापडला. तो याही जमातीचा होता. त्याची माणसं १८६० च्या दशकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी कापून काढली होती, आणि उरलेल्या मूठभरांबरोबर त्याचं आयुष्य डोंगरकपारीत लपून गेलं होतं. मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला इशी म्हणायला सुरुवात केली. खरं नाव त्याने कधीच सांगितलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात तो राहू लागला. शेजारीच विद्यापीठाचं रुग्णालय होतं, आणि तिथले शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप त्याचे डॉक्टर, मित्र आणि हळूहळू शिष्य झाले. मार्च १९१६ मध्ये क्षयाने इशी गेला. दोन वर्षांनी पोप यांचा ‘याही आर्चरी’ हा निबंध आला आणि १९२३ मध्ये ‘हंटिंग विथ द बो अँड अ‍ॅरो’ हे पुस्तक.

या हकिगतीला खेळाच्या इतिहासात हळवी, गोडसर कथा करून टाकण्याची चाल आहे: रानातला शेवटचा धनुर्धर, आणि त्याची विद्या आपल्याकडे सोपवून गेलेला. मला ती चाल खटकते. ज्या समाजाने त्याची माणसं मारली त्याच समाजाला त्याने बाण करायला शिकवलं, ही गोष्ट गोड करून सांगता येत नाही. पण पोप डॉक्टर होते, त्यांची नजर हातांवर असायची, आणि म्हणून त्यांनी टिपलेले तपशील आजही उपयोगी पडतात. इशी हेझेलच्या झुडपाच्या सरळ काड्या कापून आणी, साल सोलून जुडी बांधे आणि वाळायला ठेवून देई. काडी वाळली की निखाऱ्यांचा लहानसा ढीग करून बाक असलेला भाग त्याच्यावर धरी. लाकूड तापलं, की उलट्या बाजूने पायाचा अंगठा दाबून किंवा तळहाताच्या अंगठ्याकडच्या फुगीर भागावर टेकवून बाक काढी, आणि निवेपर्यंत तसंच धरून ठेवी. मग वाळूच्या दगडाने घासून दांडी गुळगुळीत. पुढच्या टोकाला जड लाकडाचा छोटा जोडतुकडा, हरणाच्या स्नायूची तात चावून मऊ करून आवळलेली, आणि टोक ऑब्सिडियनचं. संग्रहालयात आल्यावर बाटलीची काचही त्याला पसंत पडली.

मग रंग. पोप लिहितात त्याप्रमाणे लाल आणि हिरवा हे इशीचे आवडते रंग. पूर्वी ते माती, वनस्पती, माशाचे डोळे अशा गोष्टींपासून होत आणि झाडाच्या डिंकात कालवले जात. कुंचला म्हणजे एखादी काडी, नाहीतर पिसाच्या पोकळ दांड्यातून ओवलेले कोल्ह्याच्या शेपटीचे केस. खाचेपासून दोनेक इंच सोडून पुढे चारेक इंचांपर्यंत हिरवी-काळी वलयं, किंवा ठिपके आणि सापासारख्या वळवळत्या रेघा. शहरात आल्यावर त्याने कोरडी रंगभुकटी शेलॅकमध्ये, म्हणजे लाखेच्या द्रवात, कालवायला सुरुवात केली. तैलरंगापेक्षा ती त्याला बरी वाटे, कारण ती लवकर वाळते. पिसं लावायच्या आधी एवढा भाग पातळ सरसाने माखलेला असे. रंगाचे उपयोग पोप यांनी दोन सांगितले: हरवलेला बाण सापडतो, आणि बाण कोणाचा ते कळतं.

लाखेपाशी मी जरा थांबतो. त्या काळी जगाच्या बाजारातली बहुतेक लाख छोटानागपूरच्या पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवरून खरवडलेली असे आणि कलकत्त्याच्या बंदरातून बाहेर जाई. याही जमातीच्या माणसाच्या हातातल्या कुंचल्यापर्यंत आपल्या रानातल्या किड्याने केलेली राळ पोहोचली होती. हा काही भावूक होण्याचा प्रसंग नाही. अभ्यासाच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळाच आहे. संग्रहालयातला एखादा ‘आदिम’ बाण पाहताना त्याचं सगळंच द्रव्य स्थानिक असेल असं धरून चालू नये. लाख अतिनील प्रकाशात नारिंगी चमकते, आणि त्या एका खुणेवरून बाणाच्या वयाचे, व्यापाराचे, डागडुजीचे प्रश्न उभे राहतात. टोकांच्या बाबतीतही असंच घडलं आहे. बर्कलेचे पुरातत्त्वज्ञ स्टीव्हन शॅकली यांनी १९९० च्या दशकात इशीच्या हातची दगडी टोकं मोजली. ती याहींच्या जुन्या टोकांपेक्षा शेजारच्या विंटू-नोमलाकी घडणीशी अधिक जुळतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ज्याला आपण ‘शेवटचा याही’ म्हणतो त्याचा वारसा मिश्र असू शकतो. माणसाने नाव सांगितलं नाही, पण त्याच्या हाताची सवय बाणात राहून गेली.

पोप आणि त्यांचे जोडीदार आर्थर यंग यांनी स्वतःच्या बाणांसाठी बर्चचे तयार दांडके घेतले. त्यानंतरच्या पिढ्यांनी पसंती दिली ती पोर्ट ऑरफोर्ड सीडरला. हे झाड नैऋत्य ओरेगन आणि त्याला लागून असलेल्या कॅलिफोर्नियाच्या पट्ट्यातच नैसर्गिकरीत्या वाढतं. लाकूड सरळ रेषांचं, हलकं आणि वजनाच्या मानाने ताठ. तासताना आल्यासारखा वास येतो. बाण मोडला तरी तोच वास येतो, ही धनुर्धरांची जुनी थट्टा. १९५२ च्या सुमारास या झाडांच्या मूळ रानात मुळं कुजवणारा फायटोफ्थोरा लॅटरॅलिस हा रोगकारक जीव पोहोचला. तो वाहत्या पाण्याबरोबर आणि गाड्यांच्या चाकांना लागलेल्या चिखलाबरोबर पसरतो. अमेरिकेच्या वनविभागाने आणि ओरेगन स्टेट विद्यापीठाने मिळून रोगाला दाद न देणारी रोपं तयार केली आहेत. ती कापणीला यायला मात्र काही पिढ्या लागतील. तोवर डग्लस फर, सिटका स्प्रूस, लॉजपोल पाइन, अ‍ॅश असे पर्याय वापरात आहेत, आणि कोणतं चांगलं यावर धनुर्धर तावातावाने भांडतात. त्या भांडणात नवख्याने पडू नये. लाकडाच्या जातीपेक्षा त्या विशिष्ट काडीतल्या रेषा किती सरळ जातात हे जास्त महत्त्वाचं. रेषा मध्येच दांडीबाहेर निसटत असतील तर बाण तिथून फाटतो, आणि तो सोडतानाच फाटला तर त्याची चीर धनुष्य धरलेल्या हातात शिरते. अशी काडी कितीही देखणी असली तरी बाजूला टाकायची.

ताठपणाचं प्रकरण जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण नवख्याची पहिली गोची इथेच होते. साध्या धनुष्यात बाण मधोमध नसतो, मुठीच्या एका अंगाला टेकलेला असतो. दोरी मात्र मध्यावरून पुढे येते. सरळ हिशेबाने बाण बाजूला जायला हवा, पण तो नेमावर जातो. याला ‘आर्चर्स पॅरॅडॉक्स’ म्हणतात. उत्तर मिळालं ते १९३० च्या दशकात, बेल लॅबमधले भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं तेव्हा. दोरीचा धक्का बसताच बाण मुठीभोवती वाकतो, मग उलट वाकतो, आणि असा लवलवत मुठीला वळसा घालून पुढे निघतो. फार ताठ बाण वळसा घालत नाही, फार लवचीक बाण गरजेपेक्षा जास्त वळतो. म्हणून प्रत्येक धनुष्याला त्याच्या ओढीप्रमाणे लवणारा बाण हवा. मापण्याची रीत साधी: २६ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर दांडी ठेवायची, मध्ये दोन पौंडाचं वजन टांगायचं, दांडी जितके इंच लवेल त्याने २६ ला भागायचं. ०.५२ इंच लवली तर उत्तर ५०, म्हणजे ढोबळमानाने ५० पौंड ओढीच्या धनुष्याची दांडी. बाजारात दांड्या पाच-पाच पौंडांच्या गटांत मिळतात. वजन ग्रेनमध्ये मोजतात. शिकारीचा लाकडी बाण पुष्कळदा ५०० ते ६५० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ३२ ते ४२ ग्रॅमचा असतो. एका डझनातल्या बाणांत दहा ग्रेनहून जास्त फरक नसावा, असा चोखंदळांचा आग्रह.

इथे एक बारकी गोष्ट आहे, जी पुस्तकांतून निसटते. वार्षिक वलयांमुळे दांडीला कडेकडून एक ताठपणा असतो आणि सपाटीकडून दुसरा. ताठ कड धनुष्याच्या अंगाला यावी आणि खाच वलयांना आडवी कापली जावी, नाहीतर दोरी पाचरीसारखी शिरून दांडी उभी चिरते. म्हणजे रंगाला हात लावण्याआधीच बाणाची वरची आणि खालची बाजू ठरलेली असते. खाच बसवण्यासाठी ११ अंशांचा आणि टोकासाठी ५ अंशांचा निमुळतेपणा तासतात. पेन्सिलला टोक काढावं तसं ते हत्यार फिरतं, फक्त इथे तिरकं गेलं तर बाणच वाकडा उडतो.

आता रंगकाम. त्याचा पहिला हेतू सौंदर्य नाही, दमट हवेशी सामना हा आहे. लाकूड पाणी शोषतं, फुगतं, वाकतं. दोन्ही टोकांच्या तासलेल्या भागांतून तर सर्वांत जास्त शोषतं, आणि नवखे नेमके तेच भाग रंगवायचे राहू देतात. पाण्यातला रंग चढवला की लाकडाचे तंतू उभे राहतात आणि दांडीला मऊ लव आल्यासारखी होते. म्हणून जाणते लोक आधी नुसत्या ओल्या फडक्याने दांडी पुसून तंतू उठवून घेतात, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवतात, आणि मगच रंग देतात. स्पिरिटमधला रंग तंतू फारसे उठवत नाही, पण इतक्या झपाट्याने वाळतो की हात थांबला तिथे डाग पडतो. त्यानंतर वॉर्निशचे किंवा लॅकरचे पातळ हात. लांब नळीत लॅकर भरून दांडी आत बुडवायची आणि सावकाश, एका गतीने वर ओढायची, ही जुनी पद्धत. घाईने ओढली तर ओघळ येतात. खाचेकडचा आठ-नऊ इंचांचा भाग पांढऱ्या किंवा भडक रंगात वेगळा बुडवतात, त्याला क्राउन म्हणतात. पिसं चिकटवायचा डिंक आणि खालचं लॅकर यांचं जमतं का, हे एका तुकड्यावर आधी पाहून घ्यावं लागतं. न जमल्यास डिंक लॅकरला विरघळवतो आणि पिसं रंगासकट सोलून हातात येतात.

क्राउनवरचे आडवे पट्टे म्हणजे क्रेस्टिंग. दांडी लहानशा मोटरवर हळू फिरत ठेवायची आणि कुंचला स्थिर धरायचा. हात हलला नाही तर वलय आपोआप बंद होतं. आपल्याकडे सावंतवाडीचे कारागीर, किंवा पाळण्याचे खांब आणि लाटणी करणारे कातारी, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून घर्षणाने जी वलयं उठवतात तीच ही रीत, फक्त रंग तिथे गरम आणि इथे थंड. रुंद पट्टा आधी भरतात, आणि मग त्याच्या दोन्ही कडांवर केसाएवढी काळी रेघ. ती रेघ नुसती नटवायला नसते. रुंद पट्ट्याची फाटकी कड तिच्याखाली झाकली जाते. बाण तपासताना मी भिंगाने आधी ही काळी रेघ पाहतो. तिची जाडी सगळ्या डझनभर बाणांत सारखी असेल तर त्या माणसाने वजनं आणि ताठपणही जुळवलेले असण्याची शक्यता बरीच. हा काही नियम नाही, आणि याला अपवाद भेटतात. विशेषतः हल्ली, जेव्हा काही जण आठ-दहा रंगांच्या पट्ट्यांनी क्राउन भरून काढतात आणि दांडी मात्र तयार आणतात. असे बाण भिंतीवर टांगायला बरे.

शिकाऱ्याच्या दृष्टीने रंगाचे तीन वाचक असतात: तो स्वतः, हरीण, आणि बाण सोडल्यानंतरचा तो स्वतः. पहिल्या वाचकाला बाण उडताना आणि पाचोळ्यात पडलेला दिसायला हवा. विस्कॉन्सिनच्या शरद ऋतूत मेपलची पानं लाल झालेली असताना लाल पिसांचा बाण शोधणं म्हणजे डोक्याला ताप. शिवाय सुमारे आठ टक्के पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. दुसऱ्या वाचकाबद्दल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्जिया विद्यापीठात काम झालं. हरणाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या दोनच प्रकारच्या पेशी असतात. नारिंगी-लाल त्याला भडक वाटत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. म्हणजे माणसाला ठळक दिसणारी नारिंगी पिसं हरणाला खुपत नाहीत, आणि हौशी माणसाला आवडणारा निळा हा त्या दृष्टीने वाईट रंग. पांढरा दोघांनाही दिसतो. तरीही बरेच जुने शिकारी क्राउन पांढरा किंवा फिकट पिवळाच ठेवतात, आणि त्याचं कारण तिसरा वाचक.

बाण आरपार गेल्यावर तो उचलून शिकारी आधी क्राउन आणि पिसं पाहतो. फिकट रंगावर फेसाळ, गुलाबी रक्त असेल तर बाण फुप्फुसातून गेला, जनावर जवळच पडलेलं सापडेल. काळपट, गडद लाल असेल तर यकृत. मग थांबायला हवं. हिरवट-तपकिरी ओशट डाग आणि घाण वास असेल तर बाण पोटातून गेला आहे. तेव्हा मागावर घाईने निघालं तर जखमी जनावर दूर पळतं आणि हाती लागत नाही, म्हणून तासन्‌तास थांबावं लागतं. काळ्या किंवा गडद तपकिरी दांडीवर यातलं काहीच वाचता येत नाही. शिकारीबद्दल वाचकाचं मत काहीही असो, जनावराचे हाल किती वेळ चालतील हे काही अंशी त्या पांढऱ्या रंगावर अवलंबून असतं, आणि ही गोष्ट मला या सबंध विषयातली सर्वांत गंभीर वाटते.

पिसांचा रंग कायद्यानेही ठरवला आहे. इशीच्या काळात गरुड, ससाणा, गिधाड यांची पिसं चालत. १९१८ चा स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा आणि १९४० चा गरुडांच्या रक्षणाचा कायदा यांनी तो मार्ग बंद केला. राहिली टर्कीची पंखांतली पिसं, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकेतल्या कुक्कुटपालकांनी करड्या-तपकिरी टर्कीऐवजी पांढरी टर्की वाढवायला घेतली. पांढऱ्या पिसावर कोणताही रंग चढतो. आजच्या भात्यातली जर्द पिवळी, पोपटी पिसं हे त्या कुक्कुटपालनाचं उपउत्पादन आहे. तीन पिसं एकाच पंखाची लागतात, सगळी डाव्या नाहीतर सगळी उजव्या. मिसळली तर बाण हवेत गोंधळतो. अमेरिकी कर वसूल करणारेही बाणाकडे बारकाईने पाहतात. शिकारीच्या शस्त्रांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी वळवणारा कायदा १९३७ चा, आणि १९७२ पासून धनुष्यबाणाचं सामानही त्याच्या कक्षेत आलं. गंमत म्हणजे २००८ मध्ये बुडत्या बँका वाचवण्यासाठी घाईघाईने जो अवाढव्य कायदा झाला, त्यात मुलांच्या साध्या लाकडी बाणांना करमाफी देणारं एक कलम आहे.

युरोपचा इतिहास मी धावता सांगतो, कारण तो शिकारीपेक्षा लढाईचा आहे. पण एक जोडी वगळता येत नाही. १५४५ मध्ये रॉजर अ‍ॅस्कम यांचं ‘टॉक्सोफिलस’ आलं. लढाईचे बाण अ‍ॅशचे असावेत, हल्ली अ‍ॅस्पेनचे करतात ते बरं नाही, अशी त्यात तक्रार आहे. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे जहाज बुडालं, आणि १९८२ मध्ये ते वर काढलं तेव्हा त्यातल्या हजारो बाणांपैकी बहुतेक पॉप्लरचे निघाले. अ‍ॅस्पेन त्याच कुळातलं. लेखकाची कुरकुर आणि समुद्रतळाचा पुरावा इतका नेमका जुळणं दुर्मीळ. त्या बाणांची पिसं चिकटवलेल्या डिंकात तांब्याचा अंशही मिळाला आहे. त्याने येणारा हिरवा रंग किडीपासून रक्षणाचा असावा, असं मानतात. लंडनमध्ये धनुष्य करणारे आणि बाण करणारे यांचे धंदे चौदाव्या शतकातच वेगळे झाले होते. बाण हा पूर्ण वेळचा धंदा होता, धनुष्याच्या कामातून उरलेल्या वेळात उरकायची गोष्ट नव्हती. 

मराठी अभ्यासकाला आपल्याकडे करण्यासारखं काम पुष्कळ आहे. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांचे बाण बहुधा बोरू किंवा बांबूचे. दांडी पोकळ, त्यामुळे ताठपणाचं आणि सरळ करण्याचं गणित वेगळं, आणि लाकडी बाणाची मापं तिथे जशीच्या तशी लावून चालणार नाही. पण नोंद करण्याची रीत तीच ठेवावी. लांबी खाचेच्या तळापासून मोजावी, टोकापासून नाही. टोक बदललेलं असू शकतं. वजन करताना टोक सुटं होत असेल तर वेगळं करावं. पिसं किती, कोणत्या पंखाची, डिंकाने लावलेली की दोऱ्याने बांधलेली, दोरा असल्यास किती वेढे, हे लिहावं. रंगाचे पट्टे खाचेकडून मोजत यावं आणि प्रत्येकाची रुंदी मिलिमीटरमध्ये नोंदवावी. रंगाला नाव देण्याआधी पट्टीसह छायाचित्र घ्यावं, कारण ‘गेरू’ म्हणून लिहिलेला रंग पुढे कधी शेंदूर निघतो तर कधी बाजारातला तैलरंग. आणि बाण करणारा हयात असेल, तर त्याला पट्ट्यांचा अर्थ विचारण्याआधी त्याच्याच हातून एक नवा बाण रंगवून घ्यावा, आणि तो कोणत्या टोकाकडून सुरुवात करतो ते पाहावं.